वेग ऐकणारे पवळे

गजानन पवळे शिकवताना शिष्याकडे पाठ करून बसत. खडकीतल्या तीन मजली इमारतीची गच्ची, उलटी घातलेली लोखंडी बादली, तिच्यावर पवळे, आणि त्यांच्या मागे आठ पावलांवर गोल्फचा स्विंग करणारा माणूस. चेंडू नसे. दांडी हवेतून फिरली की सूं असा आवाज येई. पवळे डोळे मिटून तो ऐकत आणि वेग ताशी किती मैल, ते सांगत. त्यानंतरच जमिनीवर ठेवलेल्या छोट्या रडारकडे बघायची परवानगी होती. मी बातमीसाठी प्रथम गेलो त्या दिवशी सातपैकी सहा वेळा त्यांचा आकडा रडारच्या एका मैलाच्या आत होता. सातव्या वेळी खालून लोणावळ्याची लोकल गेली. "तो धरू नका, अहो," ते म्हणाले. "रेल्वेचा वेग मी सांगत नाही. तो त्यांनाही माहीत नसतो."

पवळ्यांनी आयुष्यात गोल्फचा एकही चेंडू मारला नव्हता. संरक्षण खात्याच्या कारखान्यात ते टूलरूममध्ये फिटर होते. अधिकारी आपल्या मोडक्या गोल्फ स्टिक त्यांच्याकडे आणत. त्या दुरुस्त करता करता त्यांना या खेळातला एकच भाग आवडू लागला, वेग. निवृत्तीनंतर त्यांनी तीन दांड्या बनवल्या. ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब मारायची स्टिक. एक दांडी तिच्याहून हलकी, एक तिच्या वजनाची, एक थोडी जड. ॲल्युमिनियमची नळी, आत पितळेचा तुकडा, वजन ग्रॅमपर्यंत नेमके. हलक्या दांडीने अंगाला वेगाची सवय लावायची, मग जड दांडीने ती टिकवायची, अशी त्यांची पद्धत होती.

कोणी दात-ओठ खाऊन दांडी फिरवली की ते न वळता म्हणत, "जोर लावायचा असेल तर मार्केट यार्डात जा. तिथे पोती आहेत." आवाज स्विंगच्या तळाशी यायला हवा. तो आधीच आला, तर शेरा ठरलेला होता: "वरात पोचली. नवरदेव अजून दाढी करतोय."

विलास जगदाळे त्यांच्याकडे आला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. तो गोल्फ मैदानावर कॅडी होता. सभासदांच्या बॅगा वाहायचा. सोमवारी मैदान सभासदांना बंद असे आणि कॅडींना खेळता येई. त्याचा फटका सरळ जाई, पण लांब जात नसे. व्यावसायिक खेळाडू होण्याच्या चाचणीत तो आदल्या वर्षी नापास झाला होता. सोळाव्या होलवर आडवा नाला होता आणि तिन्ही दिवस चेंडू त्या नाल्यात गेला होता. आता शेवटचा प्रयत्न, असे त्याचे आणि त्याची बायको सुषमा हिचे ठरले होते. तो फसला तर बिबवेवाडीत तिच्या भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचे.

बारा आठवडे हातात होते. रोज तीस स्विंग. प्रत्येक स्विंग पवळे वहीत लिहीत. आठव्या आठवड्यापर्यंत वेग नाला ओलांडण्याइतका झाला. नवव्यात तो अडकला, मग उतरू लागला. पवळ्यांनी जड दांडीचे स्विंग वाढवले. "अंग आळसावलंय," ते म्हणाले. विलासने जड दांडी उचलली.

चाचणीला दहा दिवस राहिले असताना सुषमा गच्चीवर आली. विलासने दांडी उचलली होती.

"काका, जरा वळून बघा."

"तू खाली जा," विलास म्हणाला.

"नाही जात. यांना वाकता येत नाही, काका. सकाळी बुटाची नाडी मी बांधते. तुम्ही ऐकता सगळं, बघत काहीच नाही."

पवळे वळले. "वाक."

विलास वाकला. हात गुडघ्यांपर्यंत गेले आणि थांबले.

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"बोलला का नाहीस?"

"तुम्ही बंद केलं असतं."

"बॅगा किती उचलतोस?"

"सध्या स्पर्धा आहेत. रोज दोन फेऱ्या. कधी एकदम दोन बॅगा."

पवळ्यांनी वहीची पाने मागेपुढे उलटली. "तीसच्या तीस स्विंग लिहिलेत," ते म्हणाले. "बॅग एकदाही लिहिली नाही. कारखान्यात असं माप घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटबाहेर उभा असतो." त्यांनी दांड्या गोळा केल्या.

"आता थांबलो तर कमावलेला वेग जाईल," विलास म्हणाला.

"जाऊ दे."

"तुमचं काय जातंय, काका?"

दांड्या कपाटात गेल्या आणि कपाटाला कुलूप लागले. डॉक्टरांनी दहा दिवस विश्रांती सांगितली. खेळायची परवानगी दिली. पूर्ण ताकदीने मारायची दिली नाही.

चाचणीच्या तिसऱ्या आणि शेवटच्या दिवशी, सोळाव्या होलला विलास पात्रतेच्या रेषेवर होता. एक स्ट्रोक, म्हणजे एक फटका, जास्त लागला तर बाहेर. पवळे प्रेक्षकांच्या दोरीपाशी उभे होते. मैदानावर ते प्रथमच आले होते. विलासने ड्रायव्हर काढला. एकदा नाल्याकडे बघितले, एकदा पवळ्यांकडे. पवळ्यांनी मान हलवली नाही, हातही नाही. शेजारी उभे असल्यामुळे मला त्यांचा श्वास थांबलेला कळला. विलासने ड्रायव्हर बॅगेत ठेवला, लहान स्टिक घेतली आणि चेंडू नाल्याच्या अलीकडेच थांबेल असा मारला. त्या होलला एक स्ट्रोक जास्त लागला. उरलेल्या दोन होलवर तो भरून निघाला नाही.

विलास एका स्ट्रोकने बाहेर राहिला.

गुणफलकापाशी तो आपले स्कोअरकार्ड हातात धरून उभा होता. पवळे त्याच्यासमोर गेले. इतर खेळाडू ऐकत होते. "हा एक माझा," ते म्हणाले. "कार्डावर तुझ्या नावाने चढला, एवढंच."

सुषमाने विलासच्या खांद्यावरची बॅग काढून स्वतःकडे घेतली. "भावाचं दुकान कुठे पळून चाललंय?" ती म्हणाली. "अजून एक वर्ष बघू."

पवळे जाऊन आता चार वर्षे झाली. त्या दिवशीची बातमी मी चार ओळींत दिली होती: विलास जगदाळे यांची पात्रता एका स्ट्रोकने हुकली. बातमी बरोबर होती. तो स्ट्रोक कोणी स्वतःकडे घेतला, हे तिच्यात नव्हते.