मृगबागेला कांदेबागेचा डोस

आमच्या प्रकल्पात एक विद्वान होते. पुण्यात एसीच्या खोलीत बसून ते जळगावच्या केळीला पाणी पाजायचे. उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंट तरी लागतो. यांना तोही लागला नाही.

प्रकल्प साधा होता. ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी एक छोटी पेटी आणि तिच्यातलं सॉफ्टवेअर. कोड सगळ्यांना खुला. आम्ही चार टाळकी तो फावल्या वेळात सांभाळायचो. जूनच्या लागवडीला काढलेल्या आवृत्तीची शाखा ‘मृग’, नंतर ऑक्टोबरच्या लागवडीला काढली ती ‘कांदे’. केळीच्या बागांना इकडे हीच नावं आहेत. मृग शाखा जुन्या पेट्यांसाठी. त्यांची मेमरी एवढीशी, म्हणून त्या शाखेत आम्ही इतरांच्या तयार कोडच्या, म्हणजे लायब्ररींच्या, जुन्या, हलक्या आवृत्त्या मुद्दाम बांधून ठेवलेल्या. सुरक्षेची डागडुजी करायची, बाकी हात लावायचा नाही. मृगबागेला आणि कांदेबागेला एकाच दिवशी खताचा एकच डोस द्यायचा नसतो, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

विद्वानांना ती नावं म्हणजे आमची गावठी गंमत वाटली. एकाच लायब्ररीच्या दोन शाखांत दोन आवृत्त्या, हा त्यांच्या मते गलिच्छपणा. ऐन एप्रिलात त्यांनी सब घोडे बारा टक्के केलं आणि दोन्ही शाखांत सगळं नवंकोरं घातलं. चाचण्या पास झाल्या, कारण त्या त्यांच्या भारी लॅपटॉपवर चालल्या होत्या. ‘आधी खऱ्या पेटीवर चालवून बघा,’ असं मी लिहिलं. त्यावर ‘प्रगतीला घाबरू नये’ असा उपदेश मिळाला आणि आवृत्ती बाहेर पडली.

पहूरला माझी मावसबहीण राहते, अक्का. तिची बाग मृगाची, घड भरलेले, पेटी जुनी. पेटीच्या भरवशावर ती शिंदखेड्याला लग्नाला गेली होती. इकडे पेटीने आपोआप अपडेट घेतलं, मेमरी संपली आणि ती मुकाट बंद पडली. अक्का परतली तेव्हा बाग कोरडीठाक होती. तिने लगेच मला फोन केला.

“मले नवं नको रे भाऊ, मले पानी पायजे,” ती म्हणाली. “झाडं माना टाकून राह्यले.”

मी जुन्या आवृत्त्या परत बांधल्या आणि एसटीने पहूर गाठलं. अक्का हातानेच व्हॉल्व्ह फिरवत होती. कडेच्या ओळींतली झाडं घडासकट कंबरेत मोडली होती. मला संतापाने रडू आलं. तेवढ्यात विद्वानांचा निरोप आला: मृग शाखेमुळे फार अडचणी येतात, ती कायमची बंद करावी. चोराच्या उलट्या बोंबा!

मी तो निरोप अक्काला वाचून दाखवला.

“त्याले सांग, एक उन्हाया अठी बागेत काढ,” ती म्हणाली. “मंग कर म्हना अपडेट.”

मी तिचं वाक्य जसंच्या तसं प्रकल्पाच्या चर्चेत टाकलं. विद्वानांनी त्यावर अंगठा दिला. त्यांना ते कौतुक वाटलं असावं.

मग मी पेटीत मृगची जुनी आवृत्ती भरली. व्हॉल्व्ह बरोबर वेळेला उघडले, बंद झाले. मी अक्काला दाखवलं. तिने नीट पाहिलं, मान डोलावली आणि पाना घेऊन पेटी खांबावरून सोडवली.

“घरी घेऊन जाय,” ती म्हणाली. “मी आता कुठं लग्नाले जात नाही.”

ती पेटी माझ्या टेबलावर आहे. अगदी बरोबर चालते.