डांबरगोळीची कुंची

धरमतरच्या खाडीकाठच्या एका गावात मुंबईचे संशोधक डॉक्टर आले, बालवाडीतल्या पोरांचं रक्त घेतलं, हातावर बिस्किटांचा पुडा ठेवला आणि गेले. पावसाळा सरला, मिठागरं पुन्हा सुरू झाली, तरी रिपोर्ट नाही. रक्त म्हणजे काय वर्गणी आहे, दिली की विसरायची?

आमची पेणची संघटना म्हणजे आम्ही चार-पाच जण आणि एक सायकल. मी पत्रक लिहिलं : ‘रक्त आमचं, रिपोर्ट कुणाचा?’ लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसवाल्याने ते उरलेल्या गुलाबी कागदावर छापून दिलं. लोक आमंत्रण समजून हौसेने घेत, वाचत आणि चिडत. चिडले की मला बरं वाटे.

मिठागरात काम करणारी एक बाई मात्र चिडली नाही. ती घाबरली होती. तिच्या मोठ्या मुलाला हिवतापाच्या गोळ्या दिल्या तेव्हा त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले. पोर जाता जाता राहिलं. त्याचंही रक्त नेलेलं. आणि आता हिचे दिवस भरत आले होते.

“ताई, त्याच्या रगतात काय हाय ते इचारून ये. दुसऱ्याला पन तसंच व्हयाचं काय?”

तिचा अंगठा घेतलेली चिठ्ठी घेऊन मी मुंबई गाठली, पण भेट मिळेपर्यंत दोन-तीन आठवडे गेले. डॉक्टर सभ्य निघाले, हीच पंचाईत. सभ्य माणसाशी भांडायला जास्त दम लागतो.

“निष्कर्ष प्रसिद्ध होणार आहेत,” ते म्हणाले.

“कुठे?”

“इंग्रजी नियतकालिकात.”

“पेण स्टँडवर मिळतं का ते? वडापावच्या गाडीशेजारी?”

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढून नीट सांगितलं. मुलाच्या रक्तपेशींत एक द्रव्य कमी आहे. एरवी पोर ठणठणीत. पण हिवतापाच्या काही गोळ्यांनी त्या पेशी फुटतात, डांबरगोळ्यांनीही फुटतात. हे आईकडून मुलग्यात उतरतं. दुसरा मुलगा झाला तर त्यालाही असू शकतं, आणि तान्ह्याला डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडेसुद्धा बाधतात.

“एवढं गावात येऊन सांगायला काय होत होतं?”

“आमच्या प्रकल्पात ते बसत नव्हतं.”

बसत नव्हतं! पोराच्या जिवापेक्षा प्रकल्प लहान असेल तर तो उसवून मोठा करा, असं सुनावून मी निघाले.

गावात पोचले तर बारसं चाललेलं. मुलगा झाला होता. दारातच नाकाने मला सांगितलं, डांबरगोळ्या. खाडीकाठची हवा अशी की घडीच्या पातळालाही बुरशी धरते, म्हणून घरोघरी पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या. तान्ह्याला नवं घालायचं नाही, पहिल्याचं घालायचं, ही रीत. आजीने मोठ्या नातवाची कुंची आणि दुपटी त्याच पेटीत जपलेली, आणि धाकटा पाळण्यात त्यातच गुंडाळलेला.

“कुंची काढा त्याची!” मी ओरडले.

“काय गो,” आजी कडाडली, “बारशाला आलीस का मयताला? उघड्या डोक्यानं नाव ठेवतात व्हय?”

“आजी, डांबरगोळीनं त्याचं रक्त फुटेल.”

“त्या गोळीनं माज्या घरातलं झुरळ मरत नाय, आन् पोर मरतंय म्हने! हो बाजूला.”

बायका खो खो हसल्या. पाळण्याची दोरी कुणी सोडेना. मग मी आजीचा नाद सोडला आणि आईकडे वळले.

“मोठ्याचा रिपोर्ट कळला. त्याच्या रक्तातच आहे ते. ह्याच्याही असेल.”

ती उठली. सगळ्यांदेखत कुंची काढली, दुपटं काढलं, नवऱ्याच्या धुतल्या पंच्यात पोर घेतलं आणि दारातल्या उजेडात त्याचे डोळे पाहिले.

“तसंच हाय,” ती म्हणाली. “मोठ्यासारखं.”

मग हसणं थांबलं. मिठाचा टेम्पो रिकामा करून आम्ही पेण गाठलं. तिथल्या मुलांच्या डॉक्टरांना मी दारातूनच मोठ्याचा रिपोर्ट सांगितला. त्यांनी वेळ घालवला नाही. काही दिवसांनी पोर घरी आलं.

संशोधक डॉक्टरांनाही गावात यावंच लागलं. गुलाबी कागद अजून शिल्लक होता. शाळेत बसून त्यांनी एकेका आईला तिच्या पोराचं सांगितलं, मग नव्या सुया काढल्या. सगळ्यांच्या आधी आजी उठली.

“मागचं सांगितलंस, आता ह्याचं घे. पन रिपोर्ट नाय आनलास तर ही पोरगी हायच तुज्या मागं.”

मी हळूच पेटीचं विचारलं.

“गोळ्यांनी काय बी व्हत नाय,” ती म्हणाली. “पन टाकल्या. तुज्या बोंबा कोन ऐकनार?”

तिच्या मांडीवर नातू होता. डोक्याला निळी कुंची, नवीकोरी, रीत मोडून शिवलेली.