तिथपासून सांग

"ते लेकीचं सांग ना यांना," ताई म्हणाल्या.

गंगापूर रोडच्या त्या बंगल्यात मी धुणंभांडी करायचे. दर गुरुवारी हॉलमध्ये सात-आठ बायका जमायच्या. करुणेचा वर्ग. डोळे मिटायचे आणि दुसऱ्याचं दुःख मनात आणायचं. दुसरी म्हणजे मी. पहिल्यांदा मी आपणहून सांगितलं, खोटं कशाला बोलू. लेक काविळीनं गेली, त्याला वर्षही झालं नव्हतं. कुणी विचारलं, बरं वाटलं. एक बाई तर रडल्या. नंतर ताई म्हणाल्या, "तुझ्यामुळे आज छान सराव झाला हं." माझा चहा मागच्या पायरीवर ठेवला होता. माझ्या वेगळ्या कपात.

त्या गुरुवारी दोघी नव्या होत्या. मी ओल्या हातांनी उभी. खाली बस, असं कुणी म्हणालं नाही.

"शेवटी ती पाणी मागत होती ना, तिथपासून सांग."

तिथपासून. कॅसेट पुढे सरकवावी तसं.

मी विचारलं, "ताई, तिचं नाव काय होतं?"

नव्या दोघी सोडल्या तर बाकीच्यांनी चार वेळा ऐकलं होतं. नाव एकीलाही आलं नाही.

"चिडतेस काय गं? आम्ही प्रेमानंच विचारतोय."

"मी नाही सांगणार," म्हटलं. पदराला हात पुसले आणि निघाले. काम गेलं.

पुढं सातपूरला आमच्या चाळीत पेठ तालुक्याकडची एक बाई राहायला आली. मजुरीला जायची. दंडावर वळ. मी भाकरी घेऊन गेले आणि दारात बसलेल्या दोघी शेजारणींच्या देखत विचारलं, "नवरा मारतो का गं?"

"भाकरी द्याया आलीस का इचाराया, मावशी?"

मला रागच आला, तिचा. चांगलं करायला जावं तर ही तोंड वर करून बोलते. दोन दिवस धुसफुसले. मग लाज वाटली. मीही तिला चारचौघींत उभं केलं होतं.

पुढच्या खेपेला भिंतीपलीकडून मारल्याचा आवाज आला तेव्हा काही विचारलं नाही. दार ढकललं, दोघांच्या मध्ये उभी राहिले. त्यानं शिव्या दिल्या. मी हलले नाही.

दया माझ्या अंगी सहज आली नाही. अजूनही जीभ शिवशिवते, आधी सगळं ऐकून घ्यावंसं वाटतं. गुडघे गेलेत आता. तरी कुणाच्या घरातून तसा आवाज आला तर मी जाणार. ऐकायला नाही.