टाकीच्या झाकणावरचा स्क्रू

ही गोष्ट मी आजवर दोघातिघांना सांगितली, आणि प्रत्येक वेळी ‘चूक झाली’ असं म्हणून सांगितली. चूक फार तर तासाभराची होती. त्यापुढचं सगळं मी समजून केलं.

मी बावीस वर्षांचा होतो. नागपूरच्या गॅरेजातून उचलून मला सरकारी कामावर घेतलं होतं. चांदा जिल्ह्यात, चामोर्शीच्या बाजूला, वैनगंगेची खोली मोजायची होती. एक सपाट नाव, तिच्या मागे कसलेली छोटी मोटर आणि ती चालवणारा मी. पाण्याखालची रेती ओळखायला मोजणीच्या साहेबांनी एका ढिवराला, म्हणजे नदीवरच्या कोळ्याला, पगारावर ठेवलं होतं. त्या नोकरीपायी त्यानं घाटावरचा आपला डोंगा चुलतभावाच्या हवाली केला होता, आणि तो आता परत मिळणार नव्हता. वयानं तो माझ्या वडिलांएवढा. तो मला भाऊ म्हणायचा, मी त्याला बे म्हणायचो.

नाव पाण्यात लोटताना ढिवर ओंजळभर पाणी तिच्या नाकाडावर शिंपडतात. त्या सकाळी त्यानं थोडं मोटरवरही शिंपडलं. “हेबी आता नदीचीच झाली,” म्हणाला. मी त्याच्यावर खेकसलो. टाकीच्या झाकणावर हवा आत जायला एक बारीक स्क्रू असतो. तिथून पाणी शिरेल म्हणून मी तो गच्च पिळला, आणि विसरून गेलो.

मोटर पहिल्या दोरीला सुरू झाली. पाचेक मिनिटं चालली, मग गुदमरल्यासारखी होऊन ऐन धारेत बंद पडली. मी प्लग काढून घासला. टाकी उघडून पेट्रोल पाहिलं, होतं. झाकण लावून दोरी ओढली, चालली. प्लगच होता म्हणून मी खूश. पाच मिनिटांत पुन्हा बंद. मग कार्बोरेटर खोलला, पेट्रोल फडक्यातून गाळलं, परत भरलं. पुन्हा चालली, पुन्हा मेली. दोरीनं तळहात सोलून निघाले.

“काय झालंय नक्की?” साहेबांनी विचारलं.

“पेट्रोलमध्ये पाणी गेलंय साहेब. यानं सकाळी शिंपडलं ना.”

फडक्यावर पाण्याचा थेंब नव्हता. ते मी नुकतंच पाहिलं होतं.

ढिवर हळूच म्हणाला, “भाऊ, झाकन उघडलं का चालते, लावलं का मरते. तिचा दम कोंडून राह्यला.”

त्याच क्षणी मला स्क्रू आठवला. नावेतले दोन मजूर माझ्याकडे बघत होते, साहेबही बघत होते. मी तेलकट फडकं त्याच्या तोंडावर फेकलं. “तू कवापासून मेकॅनिक झाला बे? मासे पकडता पकडता शिकला का?”

मजूर हसले. मग मी त्याला पाण्यात उतरवलं. छातीभर पाण्यात, दोर खांद्यावर घेऊन तो नाव काठाकडे ओढू लागला. “ओढ बे! नदीले म्हण, मागून धक्का दे!” मी वरून ओरडलो. आता साहेबही हसले. त्या हसण्याच्या आडोशानं मी स्क्रू दोन आटे ढिला केला.

काठावर साहेबांनी त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. साहेब सामान बघायला वळले तेव्हा त्यानं नावेची कड धरली आणि माझ्या जवळ येऊन म्हणाला, “तुमीच पिळलं होतं ते, आता तुमीच ढिल्लं केलं. म्या पाह्यलं. कोनाले नाई सांगत भाऊ. मले फक्त कामावर ठिवा.”

त्याच्या बोटांवर मी वल्ह्याचा दांडा टेकवला आणि तो हात काढेपर्यंत दाबत राहिलो.

मोटर दिवसभर चालली. “बघ, तो उतरला आणि चालली,” साहेब म्हणाले. मी म्हणालो, “हो साहेब.”

महिन्याभरानं नवा माणूस नाव रेतीत घालू लागला. साहेब वैतागले. एकदा सकाळी चहा पिता पिता म्हणाले, “तो म्हातारा मोटरीपासून लांब बसला तर चालेल की. बोलवायचा का? तू सांग.”

निर्णय माझ्यावर सोडला होता. तो तेव्हा लाकडाच्या डेपोवर बांबू वाहत होता, हे मला ठाऊक होतं. तो रोज माझ्यासमोर बसेल, मी झाकणाला हात लावला की बघेल आणि काही बोलणार नाही, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं.

“नको साहेब,” मी म्हणालो, “तो दारू पितो.”

मी त्याला कधी पिताना पाहिलं नव्हतं. साहेबांनी मान हलवली आणि दुसरा कोणी शोध म्हणून सांगितलं. मी संध्याकाळपर्यंत शोधून आणला.