दादाचा आवाज आणि वरचा बाण

झेरॉक्सवाल्याला त्याच्या लिनक्स ग्रुपमध्ये, म्हणजे विंडोजऐवजी ती फुकटची प्रणाली वापरणाऱ्यांमध्ये, सगळे बॅकअपराव म्हणत. कोणी मेलेला लॅपटॉप घेऊन आला की हा गृहस्थ चहाचंही न विचारता आधी विचारायचा, "बॅकअप आहे का?" नाही म्हटलं की असं तोंड करायचा, जणू समोरच्याने पोटचं पोर जत्रेत सोडलंय. दिवसभर जगाच्या कागदांच्या कॉप्या काढणाऱ्या माणसाला हे शोभूनही दिसे. आणि त्या रविवारी तोच आला, रुमालात गुंडाळलेली हार्डडिस्क छातीशी धरून, तेव्हा कोणालाही हसू आलं नाही.

डिस्कमध्ये त्याच्या दादाचा आवाज होता.

दादा कंडक्टर. त्याने मागच्या दारातून "पुढे सरका" म्हटलं की ड्रायव्हरसुद्धा दचकून पुढे सरके, असं घरात म्हणत. घशाच्या कॅन्सरने तो आवाज कापून काढायची वेळ आली, तेव्हा ऑपरेशनच्या आधी धाकट्याने त्याला दुकानाच्या मागच्या खोलीत बसवून वाक्यांमागून वाक्यं बोलून घेतली होती. पुढे ती एका प्रोग्रामला शिकवायची, म्हणजे दादा टाइप करेल आणि लॅपटॉप दादाच्या आवाजात बोलेल. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, दादा जगला. दादाने मध्ये खुणेने विचारलं, नीट ठेवलंयस ना? हा म्हणाला, "माझ्याकडे आहे म्हणजे आहे." दुसरी कॉपी करायची रोज राहत गेली. आता प्रोग्राम तयार होता आणि डिस्क लावली की कट्कट् वाजत होती.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत ग्रुप जमायचा. त्यांचा एक नियम होता, खुद्द बॅकअपरावानेच घालून दिलेला: ज्याची डिस्क, त्याने एंटर मारायचा नाही. घाबरलेल्या माणसाची बोटं त्याचं ऐकत नाहीत. म्हणून कीबोर्डवर ग्रुपमधल्या शिकवणीवाल्या बाई बसल्या. जुनी डिस्क आणि नवी कोरी डिस्क शेजारी ठेवली. लिनक्स डिस्कना नाव म्हणून आपणहून इंग्रजी अक्षरं देतं, जी आधी ओळखली तिला आधीचं. जुनीला मिळालं बी, नवीला सी. बाईंनी पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकूम लिहिला: बीवरचं सगळं जसंच्या तसं सीवर उतरव. मोठ्याने वाचून दाखवला, सर्वांनी माना डोलावल्या, त्यांनी एंटर मारला. कॉपी सुरू व्हायच्या आतच जुनी डिस्क कट्कट् करून पडद्यावरून गायब झाली.

"केबल ढिली आहे. माझ्या गाडीत चांगली आहे, आणते," बाई म्हणाल्या. "तोवर हात लावू नका हं."

"नाही लावत."

पण जीव टांगणीला लागलेला माणूस तो. बाकीचे पंख्याखाली कुजबुजत होते. त्याने दोन्ही डिस्क काढल्या आणि लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला खोचल्या. जुनी या वेळी वाजली नाही. आढेवेढे घेत, सावकाश फिरायला लागली. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. आत्ता चालतेय, बाई येईपर्यंत परत बंद पडली तर? त्याने वरचा बाण दाबला. मघाचाच हुकूम आयता समोर आला. बाईंनी लिहिलेला, सगळ्यांनी तपासलेला. त्याने एंटर मारला.

आकडे झरझर पळू लागले. अडखळणं नाही, कुरकुर नाही. "चाललं! अरे, चाललं!" तो ओरडला. लोक धावत आले, कोणीतरी पाठीवर थाप मारली.

बाई केबल घेऊन दारात आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "परत लावल्यावर नावं बघितलीत?"

त्याने आत्ता बघितली. जुनी डिस्क उशिरा जागी झाली होती. या वेळी बी कोरी होती आणि सी जुनी. कोरीवरचं कोरेपण दादाच्या आवाजावर उतरत होतं, जसंच्या तसं. त्याने कॉपी तोडली, पण तोवर ती छान वेगाने बरीच पुढे गेली होती.

मग डिस्क पुसल्यानंतरही उरलेलं वेचणारं साधन बाईंनी लावलं. संध्याकाळपर्यंत कोणी उठलं नाही. खूप काही परत आलं. लोकांच्या मार्कशीटा आल्या, भाडेकरार आले, लिनक्सच्या इन्स्टॉल करायच्या फायली आल्या, ज्या जगात कुठेही फुकट मिळतात. दादा तेवढा आला नाही. डिस्क नवी होती तेव्हा सर्वांत आधी त्याने आवाजच भरला होता, अगदी सुरुवातीला, आणि कोरेपणही सुरुवातीपासूनच उतरलं होतं.

"चूक कोणाचीही होते," कोणीतरी म्हणालं.

"कोणाची नाही, माझी," तो म्हणाला. त्याला स्वतःची बोटं ठेचावीशी वाटत होती.

घरी दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, पाहुणा यायचा असल्यासारखा. वहिनीने लॅपटॉपला स्पीकर जोडून ठेवला होता.

"दादा, गेला आवाज. सगळा. मीच पुसला."

वहिनी मटकन खाली बसली. दादा उठून उभा राहिला. त्याने आता चांगली कचकचीत शिवी हासडावी, कानाखाली वाजवावी, असं धाकट्याला फार वाटलं. दादाने तोंड उघडलं. हात वर गेला, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, ओठ भराभर हलले. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली.

वहिनीला त्याचं रागावणं पाठ होतं. तीच हळूच म्हणाली, "भाऊजी, 'गाढवा' म्हणतायत."

दादाने जोरात मान हलवली. तसं नाही. लॅपटॉपकडे न वळता त्याने ते पुन्हा म्हटलं, या वेळी सावकाश, धाकट्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून. दोघांनाही ते कळलं नाही.