शेठच्या डायलॉगला पडलेल्या शिट्ट्या

मंडळी, आज मंचरला आमचा दगडखाणीवरचा पिक्चर दाखवला.

"माझ्या खाणीत शूटिंग करायचं तर मला रोल पायजे," असं शेठ म्हणाला होता. दिला, खाणमालकाचाच.

सुरुंग उडवण्याआधी शिट्टी वाजवतात. माझा थोरला भाऊ सुरुंगात गेला, त्या दिवशी ती वाजलीच नव्हती. तरी शेठ आमच्या दारात येऊन म्हणाला, "शिट्टी वाजवली व्हती. त्यालाच ऐकू आली न्हाई."

तेच वाक्य मी त्याला डायलॉग म्हणून दिलं. गड्याला आठवलंसुद्धा नाही!

आज ते पडद्यावर आलं आणि खाणीतल्या सगळ्या कामगारांनी शिट्ट्या मारल्या. शेठ खूश होऊन हात जोडायला उठला. मागं वळून बघतो, तर कुणीच हसत नव्हतं. शिट्ट्या थांबेनात.

मी जवळ जाऊन विचारलं, "शेठ, आज ऐकू आली का?"