कारंज्याच्या वाटेवर आमची अँबॅसॅडर आणि भाऊजींची नवी सेडान

धाकटे दीर दिलीपभाऊजी पुण्याहून नवी कोरी सेडान घेऊन आले. काळी, लांबलचक, जमिनीला टेकलेली. कष्टानं घेतलेली गाडी, अभिमान वाटलाच. शेजारी आमची सासऱ्यांच्या वेळची पांढरी, फुगीर अँबॅसॅडर. नव्या गाडीची पूजा गुरुवारी कारंज्याच्या गुरुमंदिरात करायची ठरली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई वर्षभर उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांनाही न्यायचं होतं.

"दादा, आई माह्या गाडीत नीट बसली का मंग हे धूड इकून टाक. अकोल्याचा एक जण वरातीसाठी मांगून राह्यला," भाऊजी म्हणाले.

अँबॅसॅडर आम्ही आईंसाठीच ठेवलेली. भाऊजी कारंज्याहूनच नागपूरला जाणार, परतीला आम्हाला गाडी लागेल, म्हणून ह्यांनी तीही काढली.

सकाळी सातला मेडशी सोडलं. आई आणि मी नव्या गाडीत. खरं सांगते, सुख होतं. आत गारवा, आवाज नाही, पोटातलं पाणी हलत नाही. मालेगाव मागे पडलं, किन्हीराजा कधी गेलं कळलंच नाही. आई घोरत होत्या.

शेलूबाजारला चहा-भज्यांसाठी थांबलो. भजी गरम आणि स्वस्त, जरूर खा. पण आईंना उतरताच येईना. पूजा झाल्याशिवाय सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही, असा भाऊजींचा नेम. त्यावरून रेशमी लुगडं घसरत घसरत आई पार खोल गेल्या होत्या, गुडघे छातीशी. दोघा भावांनी काखेत हात घालून ओढलं. हॉटेलातली माणसं चहा सोडून पाहत उभी राहिली.

"तुमी पूजा करा," आई म्हणाल्या, "म्या गाडीतूनच हात जोडीन."

"काहून वं आई?"

"देवाच्या दारात मले असंच पोत्यावानी ओढसान का?"

वर्षभरानं निघालेली बाई देवळाच्या दारातून परत येणार, या विचारानं मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. ह्यांनी अँबॅसॅडरचं मागचं दार उघडलं. सीट दिवाणाएवढी उंच. आई आधी टेकल्या, मग एकेक पाय आत घेतला. पुढचा रस्ता खडखडाट, गरम वारा, खड्डा न् खड्डा कमरेला कळला. पण म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर एसीच्या आधी सीटची उंची बघा.

कारंज्यात गाड्या बाहेर लावून गल्लीतून चालत जावं लागतं. आईंनी दोन्ही पाय खाली टेकवले, दाराची चौकट धरली आणि उभ्या राहिल्या. मी हात पुढे केला.

"सरक, सूनबाई."

देवापर्यंत त्या स्वतःच्या पायांनी गेल्या. दर्शन घेताना माझे डोळे देवाकडे कमी आणि त्यांच्याकडेच जास्त होते.

बाहेर पूजा झाली, चाकांखाली लिंबं फुटली, भाऊजींनी प्लास्टिक टराटरा फाडलं. "आई, आता तरी बस."

"झोपाचं असन तवा बसीन तुह्या गाडीत," आई म्हणाल्या. सगळ्यात मोठ्यानं भाऊजीच हसले.

संध्याकाळपर्यंत आम्ही घरी. कंबर दोन दिवस बोलत होती. तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या माणसाचा फोन आला. ह्यांनी तो आईंच्या हातात दिला.

"गाडी हाये बाबू, पन रिकामी नाई. मले दर गुरुवारी कारंज्याले जा लागते."

दर गुरुवारी! जाऊन-येऊन किती इंधन जळतं, ते या घरात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तरी बुधवारी टाकी भरून आणायला ह्यांना मीच पाठवलं.